चिकटवह्या, हातची कार्डं आणि मामाची हाडाची पट्टी : तुमचेही अनुभव लिहा

अबोली_दुपार

काल लेकाला शाळेसाठी पुठ्ठा हवा होता म्हणून माळ्यावरची पेटी खाली घेतली. पुठ्ठा राहिला बाजूला, तळाशी माझी तिसरीतली चिकटवही निघाली. तिथेच फरशीवर बसून तासभर तीच बघत होते.

वर्तमानपत्रातून कापलेली चित्रं पार तपकिरी झालीत, कडेला बोट लावलं की भुगा पडतो. चिकटपट्टीने लावलेली तर गळूनच पडलीत, पट्टीच्या जागी पिवळा डाग तेवढा उरलाय. पण मधली चार पानं अशी पांढरी, की कालच केली असावीत. ती मामाबरोबर केलेली. मामा पुस्तकबांधणी करायचा. कापून उरलेल्या चांगल्या कागदाच्या पट्ट्या माझ्यासाठी जपून ठेवायचा आणि चिकटवायला खळच वापरायला लावायचा. "टेप आज धरते, उद्या सोडते," म्हणायचा. मला खळीचा कंटाळा यायचा, वाळायला किती वेळ! पण त्या पानांवरचं एकही चित्र जागचं हललेलं नाही.

घडी घालायलाही त्यानेच शिकवलं. आधी कागद हलकेच वाकवून बघायचा, उभा आणि मग आडवा. ज्या बाजूने मुकाट वाकतो, तिकडे त्याच्या तंतूंची दिशा. घडी त्या तंतूंच्या बरोबरीने घालायची आणि मग हाडाच्या पट्टीने दाबायची. ती पट्टी आता माझ्याकडे आहे. एक टोक झिजून तिरकं झालंय. कार्ड करताना दुसरी कुठलीच माझ्या हातात बसत नाही.

तर लिहा ना तुम्हीही. चिकटवही, अल्बम, कार्डं, जमलेली, बिघडलेली, आवडतं हत्यार, काहीही.

आणि एक मदत हवीय. त्याच पेटीत आईचा चिकट पानांचा अल्बम आहे, वरून प्लास्टिक ओढलेला. फोटो हलतच नाहीयेत. काय करू?

घडीमोड

मामा ग्रेट. तंतूंची दिशा मला कळली तेव्हा मी शंभरेक कार्डं वाया घालवून बसले होते.

ज्यांच्या ए४ कार्डांना घडीवर तडे जातात त्यांच्यासाठी. ए४ कागदात तंतू बहुतेक वेळा लांब बाजूने असतात. अख्खा कागद मधोमध दुमडला की घडी तंतूंना आडवी येते आणि २५०-३०० जीएसएमचा जाड कागद तिथे फाटल्यासारखा दिसतो. त्याऐवजी आधी ए४चे त्याच मधल्या रेषेवर कापून दोन तुकडे करा आणि मग प्रत्येक तुकडा दुमडा. आता घडी तंतूंच्या बरोबर येते. कार्ड लहान होतं, पण घडी अशी बसते की बघत राहावं.

कोरंपान

वाचतेय. माझाही अनुभव आहे, बाळ उठलं, रात्री लिहिते.

शाईचा_डाग

अबोलीताई, फोटो ओढू नका!!! आधी अल्बमची पानं आहेत तशी मोबाइलवर टिपून ठेवा. निदान तेवढं तरी हातात राहील.

मग दात साफ करायचा दोरा घ्या, डेंटल फ्लॉस. बिनवासाचा, बिनमेणाचा. फोटोच्या एका कोपऱ्यामागे घालून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे सरकवत न्या. फोटो वाकवायचा नाही, दोऱ्यालाच काम करू द्यायचं. हेअर ड्रायर नको, पाणी तर नकोच. आणि अडला फोटो तर थांबा, सोडून द्या, पुढचा घ्या.

त्या अल्बमांनी किती घरांतले फोटो खाल्ले. पानावरचा गोंद वर्षागणिक घट्ट होत जातो आणि वरचं प्लास्टिक पीव्हीसीचं असेल तर तेही रंगीत फोटोंना सोसत नाही. नवीन घ्याल तेव्हा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे कप्पे बघून घ्या, कागद आम्लरहित आणि लिग्निनरहित (लिग्निन म्हणजे लाकडातून कागदात येणारा घटक). तुमची वर्तमानपत्राची चित्रं तपकिरी झाली ती या लिग्निनमुळेच.

अबोली_दुपार

@शाईचा_डाग, दोरा आहे घरात. हात थरथरतोय पण उद्या सकाळच्या उजेडात बसते. मनापासून आभार.

पुठ्ठा

माझं हत्यार म्हणजे मोडत्या पात्याचा कटर. बोथट झालं की टोक मोडायचं, पुढचं कोरं. ही कल्पना १९५६ची, जपानच्या योशिओ ओकादांची. ते छपाईच्या कामात होते. मोडणारं पातं त्यांना चॉकलेटच्या वडीच्या रेघा आणि फुटलेल्या काचेची धार यावरून सुचलं म्हणतात. पुढे त्यातून ओल्फा कंपनी झाली, आणि ते नाव जपानी भाषेत 'मोडायचं पातं' यावरूनच आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

कापताना जोर लावू नका, तीन हलके हात मारा. खाली स्टीलची पट्टी. प्लास्टिकची पट्टी पातं खातं आणि बोटही. अंगठ्यावर खूण आहे अजून.

निळीजांभळी

आमच्या मनीला कटिंग मॅट म्हणजे सिंहासन वाटतं. मी पट्टी ठेवली की ही बसलीच वर. काल लाल शाईच्या गादीवर पाय देऊन पूर्ण लेआउटवरून चालत गेली. तो कागद मी फेकला नाही, चार पावलांभोवती कापून पुठ्ठ्यावर लावला. सगळ्यात छान पान तेच झालंय :)

मॅटवरून आठवलं, ती उन्हात ठेवू नका. माझी खिडकीत राहून पापडासारखी वाकली, मग सरळ होतच नाही.

पुठ्ठा

@निळीजांभळी फोटो टाका मनीचा. पानाचा पण टाका, पण आधी मनीचा.

दुपारची_कात्री

माझ्या आजीला शेवटची काही वर्षं जवळजवळ दिसत नव्हतं. तिला वाढदिवसाचं कार्ड काय द्यायचं? मी उठावदार अक्षरं करायला शिकले ते तेव्हा. चिकट, हळू वाळणाऱ्या शाईने शिक्का मारायचा, त्यावर एम्बॉसिंग पावडर टाकायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनने तापवायची. पावडर वितळून चकचकीत उंचवटा तयार होतो. आजी कार्डावरून बोट फिरवायची आणि एकेक अक्षर ओळखायची. माझं नाव कळलं की दोनदा थोपटायची.

ती सगळी कार्डं तिच्या उशाशी होती. आता माझ्याकडे आहेत. अक्षरांवरची चकाकी बोटांनी गेलीय.

रेवा_१९

कात्री, तुझं वाचून थांबले थोडा वेळ. काय लिहू.

मधलीघडी

@दुपारची_कात्री खूप सुंदर.

पावडरचं विचारायचं होतं, माझी नको तिथे पण चिकटते, ठिपके ठिपके उठतात. आणि हेअर ड्रायर चालेल का? हीट गन नाहीये.

दुपारची_कात्री

ड्रायर नाही चालत गं, पावडर उडून जाते आणि वितळायला लागते तेवढी उष्णताही येत नाही. ठिपक्यांसाठी शिक्का मारण्याआधी कागदावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरव. कापडात थोडी पावडर बांधलीस तरी पुरे. गन आधी बाजूला धरून तापू दे, मग कागदावर आण, नाहीतर कागद वाकतो.

रेवा_१९

माझं दुःख तिकिटांचं आहे. नवऱ्याबरोबरच्या पहिल्या प्रवासाची तिकिटं, पहिल्या नाटकाचं तिकीट, सगळं प्लास्टिकच्या कप्प्यात जपून ठेवलेलं. दहा वर्षांनी उघडलं तर कोरे कागद. नावाला एक अक्षर नाही. ती छपाई शाईची नसते हे तेव्हा माहीतच नव्हतं. कागदच उष्णतेने काळा होणारा असतो, आणि काही प्लास्टिकच्या संगतीत तर अक्षरं आणखी लवकर उडतात. आता हातात पावती आली की त्याच दिवशी झेरॉक्स काढते. कोरे कागद मात्र तसेच लावलेत वहीत, खाली आठवतं ते लिहिलं. तो म्हणतो आसन क्रमांक चुकलाय, मी म्हणते नाही.

आजोबा६८

मुलांनो, हा छंद नवा नाही. मार्क ट्वेनने १८७३ साली चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं. पानांवर आधीच गोंदाचे पट्टे लावलेले, ओलं करायचं आणि कात्रण ठेवायचं. लिहिणारा माणूस गोंदाच्या कटकटीला कंटाळून असं काही करतो याचं मला अप्रूप वाटतं.

मी पोस्टाची तिकिटं जमवतो. ती गोंदाने थेट चिकटवू नका एवढंच सांगेन, बिजागरीची पट्टी (तिकिटामागे लावायची छोटी कागदी पट्टी) किंवा कप्पा वापरा. हे अवांतर झालं, क्षमस्व.

निळीजांभळी

आजोबा, अवांतर कसलं, लिहा अजून! मी पण एक अवांतर : वाशी टेप (कागदाची सजावटीची चिकटपट्टी) बनवणारी कामोई ही जपानी कंपनी १९२३ मध्ये माश्या पकडायचा चिकट कागद बनवायला लागली होती. पुढे रंगकामाच्या टेप करत होती. २००६ मध्ये कागदकामाची आवड असलेल्या तिघीजणींनी त्यांना कारखाना बघायचाय असं कळवलं आणि त्यातून सजावटीच्या टेपा जन्माला आल्या. माझ्याकडे ६० रिळं आहेत, त्या तिघींना रोज दुवा देते.

घडीमोड

कटिंग मशीन (संगणकावरच्या डिझाइनप्रमाणे कागद कापणारं) वापरणारं कुणी आहे का इथे? मार्च २०२१ आठवतोय? एका कंपनीने जाहीर केलं, पैसे न भरणाऱ्यांना महिन्याला २०च डिझाइन चढवता येतील. विकत घेतलेल्या मशीनवर! जगभरातून इतका विरोध झाला की त्यांनी ते मागे घेतलं. तेव्हापासून मी हाताने कापायचा सराव सोडलेला नाही.

पुठ्ठा

+१. आणि जुने पंच फेकू नका. बोथट झाले तर ॲल्युमिनियम फॉइल चार घड्या घालून त्यात आठदहा भोकं पाडा, धार परत येते. अडकत असतील तर मेणकागदात.

अबोली_दुपार

सकाळपासून बसले होते, आत्ता उठले. चौदापैकी नऊ फोटो सुटले. दोन अर्ध्यावर अडलेत, त्यांना हात लावत नाही. तीन तर पानाचाच भाग झालेत, ती पानं कापून तशीच ठेवणार.

नवव्या फोटोच्या मागे आईने बॉलपेनने तारीख लिहिलीय, इतकी दाबून की पुढून तिच्या पदरावर आकडे उमटलेत. आधी वाईट वाटलं. मग उजेडात तिरका धरला तर तारीख पुढूनच वाचता येते.

शाईचा_डाग

नऊ!!! शाब्बास. अडलेल्यांना घाई करू नका. पुढे मागच्या बाजूला लिहाल तर मऊ पेन्सिलने, तीही अगदी काठाजवळ.

कोरंपान

झोपलं एकदाचं. माझा अनुभव लिहायला हात रिकामा नाहीये, एका हाताने टाइप करतेय, त्यामुळे प्रश्नच विचारते. बाळाच्या पावलाचा ठसा कार्डावर घ्यायचाय, बाबाला द्यायला. कुठली शाई? साध्या शिक्क्याची चालेल का?

दुपारची_कात्री

साधी नको. बाळांसाठी म्हणून धुऊन जाणारी गादी मिळते तीच घे. झोपेत असतानाच घे ठसा, बोटं सैल असतात. टाच आधी, मग बोटांकडे. आणि पाय लगेच पूस. दहा कागद कापून तयार ठेव, पहिले तीनचार फसतात.

कोरंपान

आत्ता झोपलंय... करू का आत्ताच?

निळीजांभळी

कर कर! दिवा लाव आणि मांजर बाहेर काढ.

कोरंपान

मांजर नाहीये आमच्याकडे. कागद शोधते.