मोर्स कोड: मजकुरातून मोर्स होतो, पण उलट वाचताना ई आणि टीचाच पाऊस

सातपूर_सर्किट
नाशिकरोडच्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांचा प्रकल्प आहे: मजकूर टाका, मोर्स (टिंब-रेघांची लिपी) ऐका, की (दाबायची कळ) दाबा, मजकूर वाचा. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरायचा छोटा बोर्ड), १६ बाय २ चा एलसीडी पडदा, बझर आणि पितळी पट्टीची घरगुती की. वेग मिनिटाला १० शब्द. पाठवण्याची बाजू उत्तम चालते. वाचण्याच्या बाजूचं रडगाणं असं:

- नुसते ई, टी, आय येतात. दोन अक्षरांमधली सीमा १५० मिलिसेकंद ठेवली आहे.
- शेवटचं अक्षर पडद्यावर येतच नाही.
- हळू हाताच्या मुलाची टिंबंसुद्धा रेघा म्हणून वाचली जातात.
- फोनवरून चिकटवलेला मोर्स प्रोग्रॅमला कळत नाही.

शिवाय मुलांना «नाशिक», «त्र्यंबक» मराठीतून पाठवून मराठीतच परत हवं आहे.

टिंबरेघ
आधी मापं. टिंब १ एकक, रेघ ३, अक्षराच्या आतली फट १, दोन अक्षरांत ३, दोन शब्दांत ७. एकक मिलिसेकंदात = १२०० भागिले वेग, म्हणजे तुमच्याकडे १२०.

तुमची १५० ची सीमा हाच मुख्य घोळ. अक्षराच्या आतली फट कागदावर १२०, पण शिकाऊ हातात ती सहज १८० होते. मग प्रत्येक टिंब सुटं पडून ई होतं आणि प्रत्येक रेघ टी. सीमा मधोमध ठेवा: टिंब की रेघ ते २ एककांवर (२४०), अक्षर संपलं का ते शांततेच्या २ एककांवर, शब्द संपला का ते ५ एककांवर (६००). मुलं अक्षर आठवताना थबकतात, म्हणून शब्दाची सीमा ७ एककांपर्यंत नेली तरी चालेल.

दुसरं, पितळी पट्टी दाबताना आणि सोडताना थरथरते. त्या दोन-पाच मिलिसेकंदांच्या चकमकी प्रोग्रॅमला टिंबं वाटतात. स्थिती सलग २० मिलिसेकंद टिकली तरच खरी माना. दाबणं आणि सोडणं दोन्हीला सारखाच उशीर लागतो, त्यामुळे लांबी बिघडत नाही. वाचणाऱ्या भागात delay चं (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारं) फंक्शन कुठेही नको. वेळ millis नेच मोजा.

शेवटचं अक्षर अडकतं, कारण तुम्ही पुढच्या दाबाची वाट बघून मागचं छापताय. शांतता २ एककांच्या पुढे गेली की तिथल्या तिथे छापा.

हळू हाताचं दुखणं वेगळं. एकक आपोआप जुळवणारा प्रोग्रॅमही इथे फसतो: ३०० चं टिंब आलं, त्याने रेघ समजून ३ ने भागलं, एकक १०० कडे ओढलं. आता तो कधीच सावरणार नाही, टी, एम, ओ छापत राहील. म्हणून प्रत्येक नव्या मुलाकडून आधी तीनदा «व्ही» (...-) घ्या. नऊ टिंबं, तीन रेघा मिळतात. टिंबांची सरासरी आणि रेघांची सरासरी यांच्या मधोमध सीमा लावा.

पंचवटी_कोडर
फोनचं कारण साधं आहे. कीबोर्ड तीन टिंबं मिळून एकच «…» करतो आणि दोन हायफनची लांब रेघ «—». वाचण्याआधी «…» ची तीन टिंबं करा, «—» चे दोन हायफन. मधल्या लांबीची «–» आली तर एक.

टिंब-रेघांवरून अक्षर काढायला तक्ता ओळीने शोधत बसू नका. १ पासून सुरू करा. टिंब आलं की दुप्पट, रेघ आली की दुप्पट अधिक १. के (-.-) म्हणजे १, ३, ६, १३. पूर्णविराम (.-.-.-) ८५ वर जातो, म्हणून १२८ घरांचा अ‍ॅरे (आकड्यावरून थेट घर उघडणारा तक्ता) लागतो. मात्र हा आकडा बाइटमध्ये (त्यात २५५ पर्यंतच मावतं) ठेवू नका. चूक झाल्याची खूण आठ टिंबांची आहे, तिथे २५६ होतं आणि बाइटमध्ये त्याचं ० उरतं. इंटमध्ये (मोठ्या पूर्णांकात) ठेवा आणि २५६ आलं की मागचा शब्द पुसा.

शॉर्टवेव्ह_नाशिक
मराठीचं बोलू. आंतरराष्ट्रीय मोर्समध्ये देवनागरी नाही. रोमनमध्ये लिहून पाठवाल तर परतीचा रस्ता बंद, कारण मोर्समध्ये लहान-मोठी लिपी नसते. मोठा टी म्हणजे ट आणि लहान टी म्हणजे त, ही सोय तारेवर टिकत नाही. बाल आणि बाळ एकच.

तोटा नको असेल तर युनिकोड (प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक) वापरा. देवनागरीचा पट्टा ज्या क्रमांकापासून सुरू होतो तो वजा करा, उरतो तो दोन अंकी आकडा. न ४०, ा ६२, श ५४, ि ६३, क २१. नाशिक = ४०६२५४६३२१. प्रत्येक चिन्हाला नेमके दोन अंक, म्हणून मध्ये विरामाची गरज नाही. त्र्यंबक = ३६ ७७ ४८ ७७ ४७ ०२ ४४ २१ (७७ म्हणजे हलन्त). दर्या आणि दऱ्याही वेगळे राहतात: ३८ ४८ ७७ ४७ ६२ आणि ३८ ४९ ७७ ४७ ६२.

दोन खाचखळगे. «ॲ» चा आकडा ११४, तीन अंकी. तो आधी अ (०५) आणि ॅ (६९) असा फोडा. आणि काही जुन्या मजकुरात «ऱ्य» हा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा असतो. ते चिन्ह पट्ट्याबाहेरचं आहे. आधी त्याचा ४९ ७७ करून घ्या.

टिंबरेघ
पद्धत पक्की आहे, पण वेळ बघा. रोमन अक्षरांत नाशिक ४९ एककांत जातं, आकड्यांत १५९ लागतात. १० च्या वेगाने जवळपास ६ सेकंद विरुद्ध १९. प्रदर्शनात गर्दीसमोर १९ सेकंद फार होतात. शून्यासाठी टी आणि एकसाठी ए पाठवलं तर १३१ वर येतं. मराठी एखाद-दुसऱ्या शब्दापुरतीच ठेवा.

सातपूर_सर्किट
धन्यवाद. २४०/६०० आणि २० मिलिसेकंद टाकल्यावर ई-टी थांबले. पण आकड्यांवरून परत केलेलं मराठी एलसीडीवर दिसेल का?

पंचवटी_कोडर
नाही. त्या एलसीडीत देवनागरी नाही आणि स्वतःची फक्त आठ चिन्हं भरता येतात. यूएसबीने आकडे लॅपटॉपला द्या, जोडाक्षरं ब्राउझर लावेल.

चाचणीला रेल्वेचे स्टेशन कोड घ्या, मुलांच्या ओळखीचे असतात. मनमाडचा एमएमआर सुरुवातीलाच चार रेघा देतो. तिथे टिंबं दिसली तर टिंब-रेघेची सीमा जास्त आहे. नाशिकरोडच्या एनकेमध्ये फट कमी पडली तर -.-.- होतं, जी संदेश सुरू करण्याची खूण आहे. तक्त्यात तिचं घर (५३) रिकामं ठेवलं असेल तर पडद्यावर काहीच उमटणार नाही आणि तुम्ही वायर तपासत बसाल. रिकाम्या घरात # भरा.