रॉन वॉशिंग्टन : गुरू मोठा की चेलेच मुळात तयारीचे?

आकडेमोड :
शेजारच्या धाग्यावर बेसबॉल प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टनबद्दल कुणीतरी लिहून गेलंय, 'इन्फिल्डचा (बेसजवळच्या क्षेत्ररक्षणाचा) असा गुरू पुन्हा होणे नाही.' राहवलं नाही म्हणून हा वेगळा धागा. खेळाडू म्हणून काय केलं या गुरूने? १९७७ मध्ये डॉजर्स संघाकडून १० सामने, मग थेट १९८१ पर्यंत मायनरमध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये. पुढे ट्विन्स, ओरिओल्स, इंडियन्स, अ‍ॅस्ट्रोज. १० मोसमांत मिळून ५६४ सामने, सरासरी ०.२६१, होमरन २०. शॉर्टस्टॉप, सेकंड, थर्ड, इन्फिल्डमध्ये जिथे माणूस कमी तिथे हा. १९९६ पासून ओकलंडला प्रशिक्षक, तिथे एरिक चावेझ आयता मिळाला आणि त्याच्या २००१ ते २००६ च्या सहा गोल्ड ग्लव्हचं (लीगमधल्या त्या त्या जागेवरच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा वार्षिक पुरस्कार) श्रेय यांच्या खात्यावर. मग याच गुरूच्या हाताखालच्या मिगेल तेहादाला एकही का नाही?

फंगो :
तेहादाच्या जागेवर, शॉर्टस्टॉपला, अमेरिकन लीगमध्ये हा पुरस्कार २००१ पर्यंत ओमार व्हिस्केल आणि पुढची दोन वर्षं अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज. कुणाचा काढून द्यायचा होता?

आणि बॅटिंगची सरासरी काढून ग्राउंडबॉल (जमिनीवरून येणारा चेंडू) शिकवण्याचं माप घेताय, धन्य आहे. त्याचा सराव नीट पाहिलाय का? खेळाडू दोन्ही गुडघ्यांवर. हातात छोटासा, जवळजवळ सपाट ग्लव्ह. त्याला खोल खिसाच नाही, त्यामुळे चेंडू नशिबाने अडकत नाही. काही पावलांवरून फंगो बॅटने, म्हणजे सरावाच्या हलक्या बॅटने, चेंडू असा मारायचा की टप्पा ग्लव्हच्या जेमतेम पुढे पडेल. आधी समोर, मग फोरहँड, मग बॅकहँड. गुडघ्यांवर अशासाठी की पाय काढून घेतले की हाताचा दोष लपत नाही. ग्लव्ह वरून खाली आणलात तर चेंडू खालून निसटतो. तो आधीच मातीला टेकलेला हवा, म्हणजे उसळी आली तर नुसता वर न्यायचा. कोपर पोटाशी चिकटलं तर चेंडू ग्लव्हमध्ये शिरताना दिसतच नाही. हे बसल्यावर उभं राहून पायांचं काम: उजवा, डावा, चेंडू, पुन्हा उजवा, डावा, फेक. खरा घात ना आखूड ना लांब अशा मधल्या टप्प्याने होतो. तिथे एक पाऊल पुढे घुसायचं की मागे सरायचं हे हात ठरवत नाहीत, पाय ठरवतात.

राइटफिल्ड :
गुडघे, कोपर सगळं मान्य. पण २७ ऑक्टोबर २०११, वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) सहावा सामना. नववा, म्हणजे शेवटचा डाव, वॉशिंग्टन मॅनेजर असलेले रेंजर्स ७-५ पुढे, सेंट लुईस कार्डिनल्सचे दोन बाद, त्यांच्या डेव्हिड फ्रीजवर दोन स्ट्राइक, तिसरा पडला की खेळ खलास. बेसवर दोघे, म्हणजे मागचा धावला तर बरोबरी. अशा वेळी चेंडू आउटफिल्डरच्या डोक्यावरून जाता कामा नये. समोर सिंगल (एका बेसचा फटका) पडला तरी ७-६ राहतं. आणि यांचा राइट फिल्डर नेल्सन क्रूझ उभा कुठे? ट्रिपल (तीन बेसचा फटका) गेली डोक्यावरून. सामना ११ व्या डावात ९-१०, सातवाही गमावला.

फंगो :
विषय इन्फिल्डचा आहे.

राइटफिल्ड :
विषय वॉशिंग्टनचा आहे. आउटफिल्डरला मागे सारण्याची खूण डगआउटमधूनच, म्हणजे मॅनेजरच्या बाकावरूनच येते.

आकडेमोड :
+१. तिथे क्रूझच्या जागी चपळ माणूस उतरवायला हवा होता, हे शाळकरी पोरही सांगेल.

फंगो :
आणि सामना लांबला असता तर क्रूझची बॅट कुठून आणली असती? लांबलाच ना? दहाव्या डावात रेंजर्सच्या हॅमिल्टनने ९-७ करून दिलं, तेही पिचरांना टिकवता आलं नाही. कार्डिनल्सच्या बर्कमनच्या त्या बरोबरीच्या सिंगलचाही दोष राइट फिल्डला द्या आता! क्रूझ थोडा पुढे होता हे खरं, पण त्याची धावही भिंतीपाशी अडखळली.

राइटफिल्ड :
'थोडा पुढे'! बरं बाबा.

सारासोटा :
ही भांडणं दर ऑक्टोबरला होतात, चालू द्या. मूळ प्रश्नाकडे येतो. वॉशिंग्टन १९७० मध्ये सुरू झालेल्या रॉयल्स संघाच्या फ्लोरिडातल्या सारासोटाच्या अकादमीतून आला. सेकंड बेसवर आठ गोल्ड ग्लव्ह मिळवणारा फ्रँक व्हाइटही तिथलाच. चपळ पोरं निवडायची आणि खेळ मुळापासून बसवायचा, ही तिथली रीत. वॉशिंग्टनने तीच पुढे चालवली. आकडेमोड, चावेझ आयता होता म्हणता. स्कॉट हॅटेबर्ग तर कॅचर होता आणि कोपराच्या दुखापतीने फेकही गेलेली. २००२ मध्ये त्याला फर्स्ट बेसवर उभा केला तो यानेच. ओकलंडचा शॉर्टस्टॉप मार्कस सीमियनच्या २०१५ मध्ये ३५ एरर (क्षेत्ररक्षणातल्या चुका) होत्या. वॉशिंग्टन मोसमाच्या मध्यात ओकलंडला परतला, पुढच्या वर्षी त्या २१ झाल्या.

आकडेमोड :
एरर कमी होणं म्हणजे क्षेत्ररक्षण सुधारणं नव्हे. ज्या चेंडूपर्यंत पोचलाच नाहीत त्याची एरर लागत नाही.

सारासोटा :
बरोबर. पण सीमियनची अडचण पोचण्याची नव्हतीच मुळी, पोचल्यावरची होती.

आकडेमोड :
ठीक, सीमियन तुमचा. मग २०२४ चे एंजल्स घ्या: ६३-९९, त्या संघाच्या इतिहासातला सर्वांत वाईट मोसम, मॅनेजर कोण ते सांगायला नको.

फंगो :
आणि रेंजर्सचे ६६४ विजय, २०१० आणि २०११ ची दोन पेनंट (लीगची विजेतेपदं)? ती आयती मिळाली असतील. २०२१ ला अटलांटा वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा हा थर्ड बेस कोच होता, तेही योगायोगानेच.

आकडेमोड :
कोच म्हणूनच ठेवा म्हणतोय मी. मॅनेजरची खुर्ची देऊ नका, फंगो द्या.

राइटफिल्ड :
आणि आउटफिल्डरना खूण करायला दुसरा माणूस.