'लेअर्ड' म्हणजे लॉर्ड नव्हे, मग मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

माझ्या मावससासऱ्यांना पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतात. लंडनला असलेल्या नातवाने त्यांच्यासाठी ऑनलाइन एक भेट घेतली आहे: स्कॉटलंडमधल्या डोंगरावर एक चौरस फूट जमीन आणि सोबत जाड, पिवळसर कागदावर छापलेलं प्रमाणपत्र. खाली उजव्या कोपऱ्यात लाखेसारखा लाल शिक्का, त्यावर सिंह. मजकूर असा की धारकाने आजपासून स्वतःला 'लेअर्ड, लॉर्ड किंवा लेडी' म्हणवून घ्यावं.

मी भाषांतराची कामं करते, म्हणून हे मराठीत करायचं माझ्याकडे आलं. समारंभात ते वाचून दाखवायचं आहे. घरच्यांना पत्रिकेवर 'लॉर्ड' छापायचंय, दीर म्हणतात 'सरदार' लिही. मी 'उमराव पदवी' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. लेअर्ड म्हणजे नेमकं काय? आणि हे खरं नसेल तर त्याला बनावट म्हणायचं, नकली, बोगस की तोतया?

उत्तर

ताई, हात थांबला ते बरं झालं. तिन्ही शब्द एका ओळीत ठेवून प्रमाणपत्राने जे साधलंय, तेच भाषांतरात पुन्हा झालं असतं.

लॉर्ड आणि लेअर्ड मुळात एकाच घरचे. जुन्या इंग्रजीत मालकाला जो शब्द होता त्याचा अर्थ 'भाकरी राखणारा', आणि लेडीच्या मुळाशी 'पीठ मळणारी'. आपला 'पोशिंदा' आठवावा इतका जवळचा अर्थ. पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. लॉर्ड दरबारात आणि संसदेत गेला. लेअर्ड स्कॉटलंडमध्ये जमिनीपाशीच राहिला: ज्याच्याकडे मोठा जमीनजुमला, कुळं, वाडी, तो लेअर्ड. राजाने दिलेला मान नाही, सनद नाही.

स्कॉटलंडमध्ये कुळचिन्हं आणि मानमरातब यांचा निवाडा करणारं न्यायालय आहे, एडिंबरात. त्याच्या प्रमुखाला लॉर्ड लायन म्हणतात. त्या कार्यालयाने स्पष्ट सांगितलंय की लेअर्ड हा किताब नसून वर्णन आहे. कधी मालक स्वतःला तसं म्हणवतो, पण बहुतेकदा त्याच्या जमिनीवर राहणारे आणि राबणारे लोक त्याला तसं म्हणतात. साध्या राहत्या घराच्या मालकालासुद्धा तो शब्द शोभत नाही, आठवण म्हणून घेतलेल्या तुकड्याच्या मालकाला तर नाहीच.

'राबणारे लोक म्हणतात' हे वाचलं आणि मला आमच्या गावचा वाडा दिसला. गडी ओसरीपाशी उभा राहून विचारायचा, "मालक आहेत का घरात?" मालक. हाच तो शब्द. सरदार नाही, उमराव नाही, लॉर्ड तर नाहीच नाही. मालक हे कुणी स्वतःच्या नावामागे छापत नाही, दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो.

एका घराचं उदाहरण देतो. एअरशरमध्ये ऑकिनलेक नावाची इस्टेट आहे. तिचे धनी अलेक्झांडर बॉसवेल एडिंबरात न्यायाधीश होते आणि 'लॉर्ड ऑकिनलेक' म्हणून ओळखले जात. पण हा लॉर्ड न्यायाधीशाच्या खुर्चीबरोबर येणारा, तहहयात, उमरावकीशी संबंध नसलेला. १७८२ मध्ये ते वारले आणि मुलगा जेम्स, इंग्रजी कोशकार डॉक्टर जॉन्सनचा चरित्रकार, ऑकिनलेकचा लेअर्ड झाला. लॉर्ड मात्र झाला नाही. जमीन वारशाने आली, तो शब्द बापाबरोबर गेला. एवढा नेमका फरक त्या लोकांनी जपलेला असताना आपण तो एका पत्रिकेत पुसून टाकू नये.

उत्तर

जमिनीचंही सांगायला हवं, कारण मालक म्हणायचं तर मालकी हवी.

स्कॉटलंडमध्ये जमिनीची खरी मालकी सरकारी नोंदवहीत नोंद झाल्यावरच मिळते. आणि असल्या तुकड्यांची नोंद करायला कायद्यानेच मनाई आहे. १९७९ च्या जमीन नोंदणी कायद्यात ती होती, २०१२ च्या कायद्यातही आहे. १९७९ च्या कायद्यातली व्याख्या वाचण्यासारखी आहे. थोडक्यात मराठीत अशी: आकाराने नगण्य किंवा उपयोग काही नसलेला, आणि नुसत्या मालकीच्या समाधानासाठी, भावनेपोटी किंवा आठवण म्हणून सोडल्यास कुणाला हवा वाटणार नाही असा तुकडा. असा अर्ज आला की निबंधकाने तो परत पाठवायचा.

म्हणजे आपल्या भाषेत, सातबाऱ्यावर नाव चढत नाही आणि चढणारही नाही. पैसे भरणाऱ्याच्या हातात उरतो तो विकणाऱ्याशी केलेला करार. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेत कसण्याजोगं राहावं म्हणून आला, तिथलं कारण वेगळं, नोंदवही असल्या तुकड्यांनी भरून जाऊ नये हे. एक चौरस फूट म्हणजे किती ते डोळ्यांपुढे आणा. जुन्या घरातली दोन बाय दोनची शहाबादी फरशी त्याच्या चौपट असते. एका गुंठ्यात असे १,०८९ मालक बसतील.

लाफ्रॉयग ही आयला बेटावरची व्हिस्कीची भट्टी १९९४ पासून आपल्या ग्राहकांना एक चौरस फूट जागा देते, पण भाडेपट्ट्याने, आणि भट्टीला भेट द्याल तेव्हा भाडं भट्टीनेच तुम्हाला द्यायचं, एक पेला व्हिस्की. तिथे कुणी लॉर्ड होत नाही. मला ती पद्धत आवडते, कारण शब्द आणि वस्तू यांचा मेळ आहे.

उत्तर

थोडी हरकत घेतो. विकत घेतला म्हणून मान खोटा, असं धरून चालू नका. स्कॉटलंडमधली 'बॅरनी', म्हणजे बॅरन हा जुना सरंजामी मान, आजही कायदेशीरपणे विकत मिळते. पूर्वी ती जमिनीला चिकटलेली असे. सरंजामी जमीनधारणा संपवणारा २००० चा कायदा २८ नोव्हेंबर २००४ ला लागू झाला, तेव्हा बॅरनी जमिनीपासून सुटी झाली, पण मान म्हणून राहिली, आणि ती विकता येते. तिची किंमत चांगली मोटारगाडी परवडावी अशी असते, वाढदिवसाच्या भेटीएवढी नाही. हा बॅरनसुद्धा संसदेतला उमराव नव्हे. उमरावकीच्या ज्या पायरीला इंग्लंडमध्ये बॅरन म्हणतात तिला स्कॉटलंडमध्ये 'लॉर्ड ऑफ पार्लमेंट' म्हणतात. ती उमरावकी मात्र विकताच येत नाही. १९२५ च्या कायद्याने असे मान मिळवून देण्याचा सौदा हाच गुन्हा आहे, आणि मॉन्डी ग्रेगरी नावाच्या दलालाला १९३३ मध्ये त्यात शिक्षा झाली.

राजानेसुद्धा विकलेत. १६२५ मध्ये नोव्हा स्कोशियाची वसाहत उभी करायला 'बॅरोनेट' हा मान काढला, दर माणशी ३,००० मर्क (जुनं स्कॉटिश नाणं). जमीन अटलांटिकपलीकडे, तिथे जाऊन ताबा कोण घेणार? म्हणून एडिंबरा किल्ल्यापाशी माती आणि दगड हातात देऊन ताबा दिला जाई, ती माती नोव्हा स्कोशियाचीच आहे असं कायद्याने मानून. पुढे १६३२ मध्ये वसाहत फ्रान्सकडे गेली. बॅरोनेट राहिले.

आपल्याकडेही निम्मी पाटीलकी विकल्याची खरेदीखतं आहेत. होळीला पहिली पोळी कुणाची, पोळ्याला कुणाचा बैल पुढे, हेसुद्धा वाटून लिहिलेलं. पैसे देऊन घेतलेली ती पाटीलकी खरीच होती.

पहिले उत्तर देणारा

काका, मान्य, आणि तुमच्या उदाहरणांनी माझंच म्हणणं पक्कं होतं. बॅरोनेटच्या मागे राजा होता, पाटीलकीच्या खरेदीखतामागे गाव होतं. बैल पुढे काढताना बाजूला होणारी माणसं होती. चौरस फुटाच्या मागे कुणीही नाही.

आता खोट्यासाठीचे शब्द. 'बनावट' हे खऱ्याची हुबेहूब नक्कल करून केलेलं: बनावट नोट, बनावट सही. हे प्रमाणपत्र बनावट नाही, ज्या कंपनीचं नाव आहे तिनेच ते छापलंय. 'नकली'मध्ये फसवणूक असेलच असं नाही, नकली दागिने उघडपणे घालतात. 'तोतया' हा शब्द माणसाला लागतो, वस्तूला नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून आलेला तोतया १७७६ मध्ये मारला गेला, तेव्हापासून हा शब्द मराठीच्या जिभेवर आहे. मावससासऱ्यांनी भिंतीवर कागद लावला तर ते तोतया नव्हेत. तोच कागद दाखवून कुणी बँकेत किंवा हॉटेलात लॉर्ड म्हणून वागणूक मागितली, तर तो तोतया लॉर्ड. उरला 'बोगस': ज्याला मुळात आधारच नाही ते. बोगस डॉक्टर, बोगस मतदार. म्हणून माझ्या मते 'बोगस किताब'.

आणि 'पदवी' नको. पदवी म्हटलं की विद्यापीठ आठवतं. 'उपाधी' लिहिलं तर मराठीत मागे लागलेली कटकट असाही अर्थ निघतो. आपल्या संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाच्या मराठी मथळ्यात 'किताब'च आहे, आणि रावबहादूरच्या काळापासून तो रुळलेला आहे. त्याच अनुच्छेदाप्रमाणे भारतीय नागरिकाला परक्या राज्याकडून किताब घेता येत नाही. इथे तो प्रश्नही उठत नाही, कारण हा कुठल्याच राज्याने दिलेला नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांची आभारी आहे. काल नातवाशी बोलले. त्याला वाईट वाटलं, कारण त्याने मनापासून घेतलं होतं, आणि विकणाऱ्याच्या पानावर 'लॉर्ड' मोठ्या अक्षरांत आणि 'ही गंमतीची भेट आहे' अगदी तळाला होतं. त्याला दोष द्यावा असं काही नाही. मावससासऱ्यांना ते हिरवे डोंगर फार आवडलेत, फोनवर फोटो मोठा करकरून बघतात.

पत्रिकेवर आता फक्त त्यांचं नाव जाईल. वाचून दाखवायचा मजकूर असा केलाय: 'स्कॉटलंडच्या डोंगरावरील एक चौरस फुटाचा भूखंड नातवाने आजोबांच्या नावे आठवण म्हणून राखून ठेवला आहे. तिकडे जमिनीच्या धन्याला लेअर्ड म्हणतात.' चालेल का?

उत्तर

दुसरं वाक्य काढा, वहिनी. पहिल्याला जोडून आलं की आजोबाच लेअर्ड असं ऐकू येतं. उच्चार विचारलात तर स्कॉटिश माणूस 'र' पूर्ण उच्चारतो, 'लेर्ड' जास्त जवळचं आहे. आणि 'भूखंड' नको. भूखंड म्हटलं की मोजणी आणि बिगरशेतीचे कागद डोळ्यांपुढे येतात. 'तुकडा' लिहा.