तापमान ५५ अंश, तरीही प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्झवर अडकून राहतो

हळदपेठ, सांगली:

नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचे हिशेब पाहतो. माझ्या लॅपटॉपमध्ये आय-फाइव्ह ८२५०-यू हा प्रोसेसर असून त्यावर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. गेल्या दहा-बारा दिवसांपासून शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या तयार करताना तो इतका रेंगाळतो, की साधा तक्ता उघडेपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन येतो. प्रोसेसरची वारंवारता, म्हणजे वेग, ४०० मेगाहर्ट्झच्या वर सरकत नाही. ‘सेन्सर्स’ ही आज्ञा ५२ ते ५५ अंश तापमान दाखवते आणि पंखा जेमतेम फिरतो. पंख्याचाच दोष असावा असे समजून तो पूर्ण वेगाने फिरवण्याचा उपाय शोधत आहे. टीएलपी हा वीजबचतीचा प्रोग्रामही बसवून पाहिले, उपयोग झाला नाही. मूळ चार्जर घरी असतो. दुकानासाठी पंधरा दिवसांपूर्वी बाजारातून दुसरा घेतला आहे.

अजिंक्यतारा, सातारा:

आपल्या शेवटच्या वाक्यातच बहुधा उत्तर आहे. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे, त्यामुळे ५५ अंशांवर उष्णतेमुळे वेग कमी होण्याचे कारण नाही, आणि म्हणून पंख्याच्या मागे लागण्यातही अर्थ नाही. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ असलेला प्रोसेसर थेट ४०० या किमान आकड्यावर खिळून राहतो, तेव्हा बाहेरून कोणीतरी त्याला ‘थांब’ असे सांगत असते. या इशाऱ्याला बीडी प्रॉचॉट म्हणतात आणि तो चार्जर, बॅटरी किंवा मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याचा भाग यांच्यामुळे मिळू शकतो. अनेक लॅपटॉप चार्जरकडून त्याची ओळख आणि वॅटक्षमता विचारतात. उत्तर न मिळाल्यास तो अपुरा आहे असे धरून चालतात. चार्जर काढून केवळ बॅटरीवर काम करून पाहा. वेग लगेच वाढला, तर निदान झाले. बायोसमध्येही (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जरची नोंद ‘अनोळखी’ अशी दिसते का, ते तपासावे.

हा इशाराच बंद करण्याची युक्ती इंटरनेटवर सर्रास सांगितली जाते. त्यासाठी प्रोसेसरच्या आतील एका रजिस्टरमधील (सेटिंग साठवण्याच्या जागेतील) एक बिट बदलावा लागतो. मी तसे करणार नाही. चार्जर खरोखरच कमी क्षमतेचा असेल, तर तो तापेल आणि इशारा द्यायला कोणी उरणार नाही.

कऱ्हाडकर:

वरील मताशी सहमत आहे. फक्त एक जोड: उबुंटूमध्ये पॉवर-प्रोफाइल्स-डेमन हा वीजवापर सांभाळणारा प्रोग्राम आधीपासून असतो. टीएलपी आणि तो एकाच वेळी चालवू नयेत, कारण दोघेही त्याच गोष्टी हाताळतात. पंख्याचे म्हणाल, तर थिंकपॅडसारख्या काही यंत्रांवर कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) मॉड्यूलला ‘फॅन कंट्रोल’ हा पर्याय मुद्दाम दिल्याशिवाय पंखा आपल्या हाती येत नाही, आणि आल्यावरही आपला प्रोग्राम मधेच बंद पडला तर पंखा आपोआप पूर्ववत व्हावा यासाठी जास्तीत जास्त १२० सेकंदांची राखणदार मुदत ठेवता येते. ती ठेवल्याशिवाय प्रयोग करू नये.

हळदपेठ, सांगली:

दोघांचेही आभार. चार्जर काढताच वेग ३ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला आणि घरचा चार्जर लावल्यावरही तसाच राहिला. पण आता नवी अडचण उभी राहिली आहे: मोठा तक्ता चालवताना तापमान ९७ अंशांपर्यंत जाते आणि थर्मल थ्रॉटलचा, म्हणजे उष्णतेमुळे वेग किती वेळा कमी केला गेला याचा, मोजणी-आकडा वाढत राहतो.

अजिंक्यतारा, सातारा:

आता मात्र हे खरे उष्णतेचे प्रकरण आहे. आधी ४०० वर अडकल्यामुळे ते झाकलेले होते, इतकेच. आपण हळदीच्या पेठेत बसता, म्हणून मागचे झाकण काढून पंख्यापुढच्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या जाळीवर धूळ बसली आहे का, ते पाहा. ती साफ करायला हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा बेफाम फिरून बिघडतो.

हळदपेठ, सांगली:

जाळीवर पिवळ्या धुळीचा अक्षरशः थर होता. साफ केल्यावर तोच तक्ता ८४ अंशांवर चालतो आणि आकडा वाढायचा थांबला आहे. टीएलपी काढून टाकले. बाजारचा चार्जर परत केला असून दुकानासाठी त्याच मॉडेलचा ६५ वॅटचा मूळ चार्जर मागवला आहे.