मदत हवी आहे : उबुंटूतून विंडोजचा डी ड्राइव्ह उघडत नाही

कळफलक : एकाच एसएसडीवर विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ आहे. उबुंटूत डी ड्राइव्हवर क्लिक केलं की 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक' असं येतं. विंडोजमध्ये तोच ड्राइव्ह व्यवस्थित चालतो. सी तर पासवर्डच मागतो. डेटा न गमावता डीवर वाचता-लिहिता कसं येईल?

टर्मिनलवाले : सुपरब्लॉक वगैरे वाचून घाबरू नका. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज' (सिस्टिमचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालवून शेवटच्या ओळी बघा. 'व्हॉल्यूम इज डर्टी' दिसलं तर विंडोजने ड्राइव्ह नीट सोडलेला नाही. बहुतेक वेळा कारण फास्ट स्टार्टअप. त्यात शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोजचा गाभा म्हणजे कर्नल हायबरनेट होतो (आपली स्थिती डिस्कवर ठेवून झोपतो) आणि एनटीएफएसच्या (विंडोजच्या फाइल-रचनेच्या) काही नोंदी त्याच्याकडेच राहतात. अशा वेळी उबुंटूतून काही लिहिलं आणि मग विंडोज जुन्या नोंदींसह जागं झालं, तर फाइली बिघडतात. म्हणून ड्रायव्हर नकार देतो, आणि बरोबरच करतो.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा. आधी ड्राइव्ह तपासून दुरुस्त करायला 'चेकडिस्क डी: /एफ', मग फास्ट स्टार्टअप बंद करायला 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप रोमनमध्येच करा.) दुसऱ्या आज्ञेने हायबरनेटही जातं. ते हवं असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फक्त फास्ट स्टार्टअपची खूण काढा. नंतर रीस्टार्ट करून थेट उबुंटूत या. रीस्टार्टला फास्ट स्टार्टअप लागू होत नाही.

पेंग्विनप्रेमी : एवढं कशाला? 'सुडो एनटीएफएसफिक्स -डी' आणि पुढे पार्टिशनचं (डिस्कच्या त्या भागाचं) नाव. दोन सेकंदांचं काम.

टर्मिनलवाले : ते फक्त डर्टीची खूण पुसतं आणि किरकोळ दुरुस्ती करतं, चेकडिस्कची जागा घेत नाही. विंडोज हायबरनेट असताना तर मुळीच नको. मशीनवर विंडोज उरलेलंच नसेल तर ठीक.

गवाक्ष : सी पासवर्ड मागतो म्हणजे बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन). उबुंटूत 'एलएसबीएलके -एफ' मध्ये प्रकार दिसेल. विंडोजमध्ये 'मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:' चालवून ४८ अंकी रिकव्हरी की घ्या आणि उबुंटूच्या पासवर्डच्या चौकटीत मधल्या रेघांसकट टाका. पण सीवर उबुंटूतून काही लिहू नका, नुसतं वाचा.

कळफलक : चेकडिस्क आणि रीस्टार्टनंतर डी उघडला, लिहिताही येतंय. दर वेळी आपोआप जोडला जावा यासाठी?

टर्मिनलवाले : 'सुडो बीएलकेआयडी'ने यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) काढा, /एमएनटी/डेटा फोल्डर बनवा आणि एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी जोडायच्या ड्राइव्हच्या यादीच्या फाइलीत) एक ओळ घाला :

यूयूआयडी=तुमचा-क्रमांक /एमएनटी/डेटा एनटीएफएस३ यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,विंडोज_नेम्स,नोफेल ० ०

नोफेल विसरू नका, नाहीतर ड्राइव्ह अडला की बूट इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. विंडोज_नेम्समुळे नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह घालता येत नाही. अशा फाइली विंडोजला उघडता येत नाहीत. यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) नसेल तर सगळं रूटच्या, म्हणजे उबुंटूच्या अॅडमिनच्या, मालकीचं दिसतं. रीबूटच्या आधी 'सुडो माउंट -ए' करून ओळ तपासा.

कळफलक : आणि उलट, विंडोजमधून उबुंटूचं पार्टिशन?

गवाक्ष : विंडोजला एक्स्ट४ (उबुंटूची फाइल-रचना) मुळात वाचता येत नाही. डब्ल्यूएसएलची (विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या सोयीची) 'डब्ल्यूएसएल --माउंट' ही आज्ञा आहे, पण ते अख्खी डिस्क ताब्यात घेतं, त्यामुळे विंडोज ज्या डिस्कवर आहे तिच्यावर चालत नाही. तुमची एकच एसएसडी, तेव्हा दोन्हीकडे लागणाऱ्या फाइली डीवरच ठेवा. आणि एक्स्ट४ पार्टिशनला चुकून ड्राइव्ह लेटर मिळालं तर विंडोज 'आधी फॉरमॅट करा' म्हणेल. तिथे कॅन्सलच दाबा.