भाड्याच्या घरात गॅस गिझर असेल तर सीओ अलार्म सक्तीचा हवा का?

बर्डीवाला
थंडी पडली की नागपुरात कूलरच्या खिडकीला प्लायवूड ठोकतात, एक्झॉस्टच्या भोकात कागद कोंबतात आणि त्याच कोंदट घरात गॅस गिझर चालतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटींहून घट्ट धरतं. चक्कर येतेय हे कळेपर्यंत कडी काढायची ताकद उरत नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, खोलीत बॉयलरसारखं जळणावर चालणारं पक्कं बसवलेलं उपकरण असेल तर घरमालकाला सीओ अलार्म लावून द्यावाच लागतो. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारात 'भिंतीला खिळे ठोकू नये' असतं, याबद्दल अवाक्षर नसतं. गिझर मालकाचा, तर अलार्मही मालकाचा, असं माझं मत.

मनीषनगरचा घरमालक
हे बरं आहे राजेहो! रंग मालकाचा, पंखा मालकाचा, आता अलार्मही. इंग्लंडचा दाखला देताना एक गोष्ट सोईस्कर गाळली भाऊ. त्याच नियमातून स्वयंपाकाचा गॅस वगळलाय. शिवाय तपासणार कोण? महापालिकेचा माणूस घरोघरी बटण दाबत फिरणार काय? पोरं त्यातले सेल काढून रिमोटला लावतील.

बर्डीवाला
शेगडी वगळली, पाणी तापवणारं यंत्र वगळलं नाही. मी गिझरबद्दलच बोलतोय.

हिंगण्याचा फिटर
अलार्म लावाल कुठे, ते आधी सांगा. बाथरूममध्ये वाफेने सेन्सर बिघडतो, बनवणारेच तिथे लावू नका म्हणतात. बाहेर लावला तर वायू दाराच्या फटीतून येईपर्यंत आतला माणूस पडलेला असेल. युरोपीय मानकाप्रमाणे अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ५० भाग) ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. तेही वायू त्याच्यापर्यंत पोचला तर. म्हणून गिझरच बाहेर काढा. बाल्कनीत, गच्चीत, मागच्या भिंतीवर, कुठेही. गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घ्या. सक्ती करायची तर याची करा.
आणखी एक. दुकानात 'गॅस डिटेक्टर' मागितला की बहुतेकदा एलपीजी गळतीचा हातात पडतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही. लोक तोच लावून निवांत झोपतात.

नंदनवनची भाडेकरू
दादा, उपाय पटला, पण आमच्या खोलीला बाहेरची भिंतच नाही. जुन्या घराच्या खोल्या पाडून भाड्याने दिल्यात, खिडकी जिन्यात उघडते. अशा जागी गॅस गिझर नकोच, विजेचा द्या. आणि सगळं गिझरवरच काय अडलंय? डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर आला होता. अशा रात्री कोळशाची शेगडी आत घेऊन दार लावणारे आहेतच की. झोपलेल्याला डोकेदुखी कळत नाही. तिथे वाफ नाही, दाराचा अडसर नाही. झोपायच्या खोलीत अलार्म चोख काम करतो.

मनीषनगरचा घरमालक
शेगडी भाडेकरूने आणायची आणि अलार्म मी लावायचा? वा रे न्याय! फिटरचं ऐकतो, गिझर या महिन्यातच बाल्कनीत काढतो, खर्च माझा. खोलीतला अलार्म ज्याचा त्याने घ्यावा.

हिंगण्याचा फिटर
अलार्मचा सेन्सर ५ ते १० वर्षं टिकतो, भाडेकरू वर्षाच्या आत बदलतो. त्याने घेतला तर तो बॅगेत घालून नेणार, आणि पुढचा माणूस बिनअलार्मचा. भिंतीवर राहायची वस्तू आहे ती, मालकाचीच असायला हवी.

मनीषनगरचा घरमालक
मग डिपॉझिटमधून कापू?

नंदनवनची भाडेकरू
सेल आम्ही बदलू काका. यंत्र तुमचं.