प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स शिकवताना : तुमचे अनुभव लिहा

पहिल्या वर्षाला कोडिंग शिकवणाऱ्यांसाठी हा धागा. एकाच वर्गात शाळेपासून कोड लिहिणारी मुलं, आयुष्यात पहिल्यांदा लॅपटॉप उघडणारी, बायोलॉजीवाली, इतिहासवाली. कसं सांभाळता? सविस्तर लिहा.

*

माझ्याकडे कोडच्या आधी फाइलच अडते. मोबाईलवर वाढलेल्या मुलांना सेव्ह केलेली फाइल नक्की कुठे गेली तेच कळत नाही, प्रोग्राम अगदी बरोबर असतो पण रन करतात भलत्याच फोल्डरमधून आणि मग "मॅडम एरर येतोय". त्यामुळे पहिलं प्रॅक्टिकल फक्त फोल्डर, पाथ (फाइलचा पत्ता) आणि टर्मिनल (टाइप करून कमांड द्यायची खिडकी). ज्यांना येतं ते कंटाळतात, कंटाळू देत.

*

गणितवाली मुलं क्ष = क्ष + १ पाशी हमखास अडतात, कारण गणितात ते खोटंच, कोडमध्ये मात्र त्याचा अर्थ क्ष मध्ये एक मिळवून परत क्ष मध्येच ठेव. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत इनपुटने ५ आणि ३ घेऊन बेरीज केली की ५३ येतं, तेही मी समजावून सांगत बसत नाही. आधी काय येईल ते वहीत लिहायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, मगच एंटर. यंदा सगळे कोडवाले गप्प असताना साहित्याची एक मुलगी म्हणाली, "सर, हे आकडे नाहीतच, दोन अक्षरं शेजारी ठेवलीयत." स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांची माळ) म्हणजे काय हे त्या दिवशी वर्गाला तिने शिकवलं!

*

मला विचाराल तर नवखी मुलं हा प्रश्नच नाही, दुसऱ्याच लेक्चरला रिकर्जनबद्दल (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) विचारणारा मुलगा हा आहे, कारण बाकीच्यांना वाटतं आपल्यालाच येत नाही, आणि त्यात मुली आधी गळतात. अमेरिकेतल्या हार्वी मड कॉलेजने २००६ च्या सुमारास पहिल्या कोर्सच्या तुकड्या आधीच्या अनुभवाप्रमाणे वेगळ्या केल्या, जावा या भाषेऐवजी पायथन आणलं, आणखीही काही बदल केले, आणि काही वर्षांत सीएस (कॉम्प्युटर सायन्स) घेणाऱ्यांत मुली साधारण १० टक्क्यांवरून ४० च्या आसपास गेल्या. आमच्याकडे दोन तुकड्यांना शिक्षक नाहीत. मग मी त्या मुलाला लेक्चरनंतर भेटायला बोलावतो, तिथे हवं तेवढं विचार म्हणतो. आवडतं त्यांना ते.

*

वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. टायपिंग हळू असलेल्यांसाठी पार्सन्स प्रॉब्लेम देऊन बघा, म्हणजे बरोबर कोडच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि क्रम लावून घ्यायचा. कागदाच्या पट्ट्यांवरही जमतं. कंस, कोलन यात जीव अडकत नाही, लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या) आत कुठली ओळ आणि बाहेर कुठली एवढाच विचार उरतो.

*

जोडीने कोड लिहून घेत असाल तर जास्त येणाऱ्याला की-बोर्ड देऊच नका, त्याने फक्त बोलायचं. आणि जोड्या दर प्रॅक्टिकलला बदला, नाहीतर मित्रमित्रच बसतात.